गाणाऱ्याचा मातम

गेल्या वर्षी सप्टेंबरमधली गोष्ट. नववीचा तास संपत आला होता. मागच्या बाकावर दोघे-तिघे मोबाईलवर काहीतरी बघत होते. शाळेत मोबाईल आणायला मनाई आहे, पण मुलं आणतात आणि आम्ही शिक्षक कधी बघतो, कधी बघत नाही. मी जवळ गेलो तर स्क्रीनवर गुवाहाटीची गर्दी. जुबिन गर्ग हा आसामचा गायक 19 सप्टेंबर 2025 ला सिंगापूरमध्ये समुद्रात पोहताना गेला, त्याची मय्यत गुवाहाटीत आणली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. पोरं, म्हाताऱ्या, रिक्षावाले, पोलीससुद्धा, सगळे ढसाढसा रडत होते. माझ्या वर्गातल्या एकालाही आसामी येत नाही. तरी ते बघत होते.

एकाने विचारलं, "सर, ये उनका कौन लगता था?"

दुसऱ्याने त्याहून अवघड विचारलं. "सर, गाणाऱ्यासाठी रडलं तर गुनाह आहे का?"

घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण तो प्रश्न घरी आला. कारण आमच्या घरात हा प्रश्न माझ्या जन्माआधी एकदा येऊन गेलेला आहे, आणि तेव्हा त्यावरून दोन सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी धड बोलले नव्हते.

माझे अब्बा शिंपी. शहागंजात त्यांचं छोटं दुकान होतं, तीन मशिनी, दोन कारागीर आणि एक रेडिओ. रेडिओ हा दुकानातला चौथा कारागीर, असं अम्मी म्हणायची, फक्त याला पगार नाही. ज्यांनी शिंप्याचं काम जवळून पाहिलंय त्यांना माहीत आहे, रमजान म्हणजे शिंप्याचा हंगाम. तरावीह झाली की दुकान पुन्हा उघडायचं ते सहरपर्यंत. ईदचे कुडते-पायजमे, शेरवान्या, लहान पोरींचे शरारे. वर्षाची कमाई त्या तीस रात्रींत.

हिजरी 1400 चा रमजान भर पावसाळ्यात आला होता. 31 जुलै 1980, गुरुवार. रात्री दहा वाजून पंचवीस मिनिटांनी मुंबईत मोहम्मद रफींचा इंतकाल झाला. हृदयविकाराचा झटका. वय पंचावन्न. त्या वेळी शहागंजात अब्बा एका शेरवानीची बाही लावत होते. त्यांना काहीच कळलं नाही. कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, बातम्यांमधून. कारागीर इस्त्रीचे कोळसे पेटवत होता. अब्बा उठले, मशीनवरचं कापड घडी घालून ठेवलं आणि म्हणाले, "आज मशीनां नको चलाओ."

कारागिराला वाटलं, मशीन बिघडली.

ईदला बारा दिवस उरले असताना शिंप्याने दुकान बंद करायचं म्हणजे काय, हे आज पगारावर जगणाऱ्या माझ्यासारख्याला समजायला वेळ लागतो. अम्मी ती गोष्ट सांगताना अजूनही थोडी चिडते. कपडे टाकलेले लोक येऊन शटर बघून परत जात होते. शेजारच्या कापड दुकानदाराने, म्हणजे मराठी माणसाने, विचारलं, "काय हो, घरात कोणी वारलं का?" अब्बा म्हणाले, "हां, बंबई में." त्या भल्या गृहस्थाने संध्याकाळी इफ्तारसाठी केळी आणि खजूर पाठवून दिले, सोबत निरोप, काळजी घ्या म्हणून. खरं काय ते त्यांना ईदनंतर समजलं. ते खूप हसले म्हणे, आणि मग म्हणाले, आम्हीसुद्धा त्या दिवशी घरात जेवलो नव्हतो.

दुसरा दिवस शुक्रवार होता. जुम्याला अब्बांनी इमामसाहेबांच्या कानाशी लागून सांगितलं, रफीसाहेबांसाठी दुवा करा. इमामसाहेब अडचणीत आले. मिंबरावरून एका फिल्मी गायकाचं नाव कसं घ्यायचं? आणि रमजानच्या जुम्यात, भरलेल्या मशिदीत, नाही तरी कसं म्हणायचं? त्यांनी मार्ग काढला. सगळ्या मरहूमीनसाठी दुवा मागितली आणि "सब" या शब्दावर जरा थांबले. अब्बांना तेवढं पुरलं. पण माझे बडे अब्बा, म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ, त्यांना ते समजलं. मशिदीबाहेर त्यांनी अब्बांना सुनावलं: बापाच्या मौतीला तू एक दिवस दुकान बंद ठेवलंस, आणि एका गाने-बजानेवाल्यासाठीही एक दिवस?

या वाक्याला अब्बांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी ते दिलंही नाही.

मुंबईत त्याच शुक्रवारी काय चाललं होतं, ते आता सगळ्यांना माहीत आहे. वांद्र्याहून जनाजा निघाला, धो-धो पाऊस, आणि त्या पावसात दहा हजारांहून जास्त माणसं. मुंबईने पाहिलेल्या मोठ्या जनाज्यांपैकी तो एक मानला जातो. जुहूच्या मुस्लिम कब्रस्तानात मिट्टी झाली. भारत सरकारने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. अमृतसरजवळच्या कोटला सुलतान सिंग गावातून आलेला, लाहोरच्या हजामतीच्या दुकानात वाढलेला, मंत्री नाही, पुढारी नाही, असा माणूस. या माणसाची पहिली मोठी ओळख ज्या काही गाण्यांनी झाली त्यात एक मातमाचंच गाणं होतं: 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर राजेंद्र कृष्ण यांनी लिहिलेलं, हुस्नलाल-भगतराम यांनी चाल लावलेलं, बापूंच्या आयुष्याची कहाणी सांगणारं लांबलचक गाणं. ते ऐकून नेहरूंनी रफींना घरी गायला बोलावलं होतं. देशाच्या दुःखाला आवाज दिला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते.

अब्बांना मात्र या सगळ्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं समाधान होतं. रमजानचा दुसरा अशरा हा मगफिरतचा अशरा. रफी त्यातच गेले, आणि जुम्याच्या दिवशी मातीत गेले. बडे अब्बांशी वाद करायची त्यांची छाती नव्हती, पण हे ते पुन्हा पुन्हा सांगत. "अल्लाह ने तारीख चुन के दी." मी मोठा झाल्यावर त्यांना म्हणालो, अब्बा, त्या दिवशी मुंबईत अजूनही कितीतरी लोक मेले असतील. ते म्हणाले, "तो उनकी भी हुई होगी मगफिरत. मैं कहां ना बोल रहा?"

(त्याच ईदच्या नमाजेला, 13 ऑगस्टला, मुरादाबादच्या ईदगाहवर गोळीबार झाला. अब्बांच्या आठवणीत हे दोन्ही एकमेकांत मिसळलेलं होतं. तो रमजान त्यांनी नंतर कधी चांगल्या शब्दांत आठवला नाही. कपडे मात्र सगळे चांदरातीपर्यंत दिले, रात्री जागून.)

चाहत्यांचा मातम ही गोष्ट नवी नाही आणि फक्त आपल्याकडचीही नाही. 3 फेब्रुवारी 1975 ला कैरोत उम्मे कुलसुम गेल्या. सरकारी इतमामाचा जनाजा होता, मार्ग ठरलेला, मशीद ठरलेली. लोकांनी खांदेकऱ्यांकडून जनाजा काढून घेतला आणि हातोहात काही तास गल्ल्यांमधून फिरवत सय्यदना हुसैन यांच्या मशिदीत नेला, कारण ती त्यांची आवडती मशीद असं लोकांनी मानलं होतं. सरकारने बघत राहण्यापलीकडे काही केलं नाही. आणि 1980 च्याच डिसेंबरमध्ये, रफींनंतर चार महिन्यांनी, न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननला त्याच्या घरासमोर गोळ्या घालून मारलं. चाहते त्या इमारतीखाली जमून रात्रंदिवस गात राहिले. त्याच्या बायकोने, योको ओनोने, दफन-दहनाचा सोहळा केलाच नाही. तिने जगाला दहा मिनिटं गप्प राहायला सांगितलं. 14 डिसेंबरला तिथल्या रेडिओ स्टेशनांनीसुद्धा दहा मिनिटं आवाज बंद ठेवला.

हे वाचलं तेव्हा मी चमकलो. कारण अब्बांची पद्धत नेमकी हीच होती. 31 जुलैला सगळं शहर रफींची गाणी लावायचं. विविध भारतीवर दिवसभर तेच. आमच्या दुकानात मात्र त्या दिवशी रेडिओ बंद. कारागीर वैतागायचे, की वर्षभर ऐकवता आणि नेमकं त्यांच्या दिवशी नाही. अब्बांना लेनन कोण हे माहीत नव्हतं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. मी मुफ्ती नाही, बी.एड. झालेला मास्तर आहे, तेव्हा फतवा देणार नाही. पण जे सगळ्यांनाच माहीत आहे ते सांगता येईल. आपल्याकडे मय्यतीचा शोक तीन दिवस, बेवेला चार महिने दहा दिवस. छाती बडवणं, कपडे फाडणं, नौहा करणं याला मनाई आहे. डोळ्यातल्या पाण्याला मनाई नाही. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचे लहानगे साहबजादे इब्राहीम गेले तेव्हा त्यांचेही डोळे वाहिले, सहाबींना नवल वाटलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की डोळे रडतात, दिल दुखतं, आणि जिभेने तेवढंच बोलायचं जे रबला आवडेल. वाद खरा रडण्याचा नाहीच. वाद हा, की ज्याचा पेशा गाणं, तो रडण्याजोगा माणूस आहे का.

हा वाद स्वतः रफींनाही चुकला नव्हता. त्यांच्या मुलाने मुलाखतीत सांगितलेलं आहे की हजहून आल्यावर लोकांच्या म्हणण्यावरून त्यांनी गाणं थांबवलं होतं. मग घरच्यांनी आणि नौशादसाहेबांनी समजूत घातली तेव्हा ते परतले. म्हणजे बडे अब्बा जो प्रश्न शहागंजात विचारत होते तो रफींनी स्वतःला आधीच विचारला होता. ही गोष्ट मी बडे अब्बांना सांगू शकलो असतो तर! पण मला ती कळेपर्यंत ते राहिले नव्हते.

गंमत म्हणजे या वादाची सर्वांत जुनी आणि सर्वांत चांगली गोष्ट आपल्याच शहराची आहे, आणि तिचा नायक असा आहे की त्याचं नाव घेतलं की आजकाल दोन्ही बाजूंचे कान टवकारतात. औरंगजेब. कृपया इथेच पान बंद करू नका. मी बादशहाबद्दल बोलत नाही, एका शहजाद्याबद्दल बोलतोय.

1653 साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हा काही महिने बुऱ्हाणपुरात थांबला. तिथे जैनाबादच्या बागेत त्याने मावशीच्या घरातली हिराबाई पाहिली. ती आंब्याच्या झाडाची फांदी ओढत होती. गाण्यात तरबेज. शहजादा तेव्हा पस्तिशीतला, मुलाबाळांचा बाप, तेव्हाही नमाज-रोज्याचा पक्का. आणि तो वेडा झाला. एकदा हिराबाईने त्याची परीक्षा घ्यायला शराबचा प्याला पुढे केला. त्याने विनवण्या केल्या, तिने ऐकलं नाही, शेवटी त्याने प्याला ओठांशी नेला, तेव्हा तिने तो काढून घेऊन स्वतः रिकामा केला. हे कोणा विरोधकाने लिहिलेलं नाही. 'मआसिर-उल-उमरा' या ग्रंथात आहे. तो शहानवाज खान यांनी इथे औरंगाबादेतच लिहिला. 1758 मध्ये त्यांचा खून झाला, घर लुटलं गेलं, कागद विखुरले, आणि आझाद बिलग्रामी यांनी ते गोळा केले. आझाद आता खुलताबादला झोपले आहेत. त्यांनी ती पानं वेचली नसती तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आली नसती.

हिराबाई तरुणपणीच गेली. औरंगाबादेत, मोठ्या तलावाजवळ तिला दफन केलं. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी शहजाद्याची तब्येत बिघडली, आणि तशाच अवस्थेत तो शिकारीला निघाला. सोबत मीर अस्करी होता, जो पुढे आकिल खान म्हणून प्रसिद्ध झाला. त्याने एकांत गाठून विचारलं, अशा हालतीत शिकार? औरंगजेबाने शेर म्हणून उत्तर दिलं. मतलब असा, की घरात बसून विलाप केल्याने दिल हलकं होत नाही, पोटभर रडायचं तर निर्जन जागा लागते. मग अस्करीने स्वतःचाच एक शेर ऐकवला, इश्क सोपं वाटलं होतं आणि किती कठीण निघालं, अशा अर्थाचा. शहजाद्याला रडू आवरलं नाही. त्याने विचारलं, शेर कोणाचा? अस्करीने लाजून नाव सांगितलं नाही. शहजाद्याने तो शेर पाठ करून ठेवला.

मी हे पहिल्यांदा वाचलं ते डी.एड.च्या वेळी, आणि तेव्हा माझ्या डोक्यात शिकार आली नाही, शहागंजातलं बंद शटर आलं.

पुढे हाच माणूस तख्तावर बसला आणि त्याने दरबारातलं गाणं सोडलं. मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने गोष्ट लिहून ठेवली आहे: जुम्याला बादशहा मशिदीकडे निघाला तेव्हा हजारभर गवई वीसेक जनाजे घेऊन मोठमोठ्याने रडत समोर आले. कोण मेलं? संगीत मेलं, हुजूर. बादशहा शांतपणे म्हणाला, तिच्या रूहसाठी दुवा करा आणि तिला चांगलं खोल पुरा. गोष्ट रंगतदार आहे, म्हणून शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. पण कॅथरीन बटलर स्कोफील्ड या अभ्यासिकेने 2007 मध्ये सगळे कागद तपासून दाखवलं की सरसकट बंदी अशी नव्हतीच. बादशहाने स्वतः ऐकणं सोडलं, इतरांचं गाणं चालू राहिलं, आणि त्याच काळात संगीतावर फारसीत भरपूर ग्रंथ लिहिले गेले. मला यात एक फरक महत्त्वाचा वाटतो. स्वतः सोडणं वेगळं, दुसऱ्याचं बंद करणं वेगळं. बडे अब्बा पहिल्या प्रकारातले असते तर आमच्या घरात भांडण झालं नसतं. आणि कधी कधी वाटतं, ज्याने गाणारी गमावली त्याने गाणं ऐकणं सोडलं, यात धर्म किती आणि दुसरं काही किती, हे कोण सांगणार? हा माझा अंदाज आहे, इतिहास नाही.

त्याच खुलताबादला, औरंगजेबाच्या उघड्या कबरीपासून हाकेच्या अंतरावर, हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची दर्गाह आहे. 1337 ला वफात झालेले हे बुजुर्ग समाचे असे आशिक की त्यांच्या मुरीदांच्या वज्दच्या पद्धतीला 'बुऱ्हानी' हेच नाव पडलं. दख्खनमध्ये मौतीच्या तारखेला उर्स म्हणतात, म्हणजे लग्न, आणि त्या रात्री कबरीपाशी कव्वाली होते. म्हणजे ज्या टेकडीवर गाण्याला पुरायला सांगितल्याची गोष्ट सांगितली जाते, तिथेच सहा-सातशे वर्षं मेलेल्यांसमोर गाणं चालू आहे. बडे अब्बा उर्सलाही जात नसत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते आपल्या म्हणण्याशी पक्के होते.

माझ्या स्वतःच्या कामात रफी वेगळ्याच दाराने आले. उर्दूच्या लिपीत 'ळ' नाही. आमची मुलं 'शाळा'ला 'शाला' म्हणतात, 'बाळ'ला 'बाल', आणि मग दुसऱ्या शाळेतली मुलं हसतात. वर्षानुवर्षं जीभ टाळूला लावायला शिकवून मी थकलो होतो. एक दिवस रफींचं मराठी गाणं लावलं. वंदना विटणकरांचे शब्द, श्रीकांत ठाकरेंची चाल (हो, तेच ठाकरे, बाळासाहेबांचे धाकटे भाऊ). देवळात देव शोधणाऱ्या माणसाला विचारणारं भजन, पंजाबी मुसलमानाच्या गळ्यातून. पहिल्याच ओळीत 'ळ' आहे. मी म्हणालो, यांची मातृभाषा पंजाबी, लिपी उर्दू, ऐका कसं म्हणतात. तीन-चार दिवसांत निम्मा वर्ग 'ळ' म्हणायला लागला. उरलेला निम्मा अजून 'शाला'तच आहे.

अब्बांना घेऊन मी 2011 मध्ये मुंबईला गेलो, त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी. तपासणी झाल्यावर ते म्हणाले, जुहू दूर है क्या? मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं की आदल्या वर्षी, 2010 मध्ये, त्या कब्रस्तानात नव्या मय्यतींना जागा करण्यासाठी जुन्या पक्क्या कबरी काढल्या गेल्या. मधुबालाची गेली, रफींचीही गेली. चाहते 24 डिसेंबरला आणि 31 जुलैला येतात ते आता जवळच्या एका नारळाच्या झाडाच्या खुणेवर. रिक्षात मी त्यांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

आत गेल्यावर एकाने दुरून झाड दाखवलं. खाली ओली माती, नव्या कबरींचे उंचवटे. मला राग येत होता, कोणाचा ते सांगता येत नव्हतं. इतक्या मोठ्या शहरात एका माणसासाठी सहा फूट राखता आले नाहीत? अब्बा मात्र रागावले नाहीत. म्हणाले, कबर कच्चीच असावी, वर दुसरा कोणी येतो, त्याच्यावर तिसरा, औरंगाबादला पण हेच चालतं. मग त्यांनी झाडाच्या बुंध्यापासून नजरेने माप घेतलं, गिऱ्हाईक आत आल्यावर टेप काढायच्या आधी घ्यायचे तसं, दोन पावलं डावीकडे सरकले आणि फातेहा पढायला हात उचलले. मी म्हणालो, अब्बा, नेमकी जागा हीच कशावरून? "जो भी है उसको पहुंचेगी," ते म्हणाले.

हिराबाईची कबर शोधायचा मी दोन-तीनदा प्रयत्न केला. तलाव कुठला, यावरच जाणकारांचं एकमत नाही. कोणी एक जागा सांगतं, कोणी दुसरी. तिथे तर झाडसुद्धा नाही.

अब्बा 2017 मध्ये गेले. दुकान आता मोबाईलचं आहे. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बोलावलं आणि यातलं थोडं सांगितलं, शिंप्याचं आणि शहजाद्याचं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, फिर ईद के कपडे टाइम पे मिले क्या सबको?"